अर्थाला पाणी

आई,

आज नवा फ्रिज आला. एका दाराचा, उंचीला कमरेपर्यंत. हूटगळ्ळीच्या या नव्या घरात माणसंच थोडी आणि माझं औषध नीट राहिलं की पुष्कळ झालं, म्हणून मुद्दाम छोटा घेतला. टेम्पोवाल्यांनी तो आडवा घालून आणला होता. खोकं फोडून त्यांनी तो भिंतीला अगदी चिकटवून उभा केला आणि त्यांच्यातला एकजण वायर सोडवून थेट प्लग लावायलाच निघाला. मी त्याच्या हातातून प्लग काढून घेतला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "निवळू दे." त्याला मराठी कळत नव्हतं. बेंगळूरहून सुट्टीला आलेली तुझी नात मात्र हसली. म्हणाली, "अम्मा, निवळू दे म्हंजे काय? हे काय ताक हाय?" तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती. हा शब्द कुणाचा, हे तिला कुठून ठाऊक असणार? तिला सांगायला म्हणून बसले आणि लक्षात आलं, मला हे तिला नाही, तुला सांगायचंय. म्हणून लिहायला घेतलं, तूच गिरवून घेतलेल्या अक्षरांत. शाळेत तर मी सगळं कन्नडच शिकले.

मी चौथीत असताना मला साखरेचा आजार निघाला. रोज सुई टोचावी लागेल, जन्मभर, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू रडली नाहीस. एवढंच विचारलंस, "औषध ठेवायचं कसं?" ते म्हणाले, गार ठेवा, पण गोठू देऊ नका, गरम झालं तरी वाया आणि गोठलं तरी वाया. अप्पा जाऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. तू देवराज मोहल्ल्यात एका टेलरच्या दुकानात ब्लाउज शिवत होतीस. एका छोट्या मडक्यात इन्सुलिनची बाटली, ते मडकं ओल्या वाळूच्या परातीत, असा संसार तू स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मांडलास. जेवायच्या सुट्टीत लोक जेवतात, तू घरी येऊन वाळू भिजवायचीस. उन्हाळा चढला तशी वाळू तासाभरात कोरडी पडायला लागली. परातीत बोट खुपसून बसलेली तू मला आजही दिसतेस. तुझा चेहरा अगदी शांत, पण बोट वाळूतून काही निघत नाही. तेव्हाच तू फ्रिज आणायचं ठरवलंस. आपल्या गल्लीत तोवर कुणाकडेच फ्रिज नव्हता.

तोही असाच आडवा होऊन आला, हातगाडीवर. गल्लीतली निम्मी माणसं बघायला जमलेली. आता बर्फ मिळणार म्हणून मी दाराशी नाचतेय, आणि तू गाडीवाल्याला सांगतेस, "उभा करा, आणि हात लावू नका कुणी. निवळू दे." तुझ्या माहेरी रंगाऱ्यांचं काम. रंगाचं भांडं इकडचं तिकडे हलवलं की त्यात लगेच कापड बुडवायचं नाही, आधी निवळू द्यायचं, हे तू लहानपणापासून बघितलेलं. फ्रिजच्या पोटात तेल असतं, आडवं केलं की ते नको तिकडे जातं, उभं ठेवलं की खाली उतरतं, हे तुला त्या दिवशी कुणीही सांगितलेलं नव्हतं. पुढे दुरुस्तीवाल्याने सांगितलं तेव्हा तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास, एवढंच. मला तेव्हा मात्र तुझा भयंकर राग आला होता. घरात फ्रिज आहे आणि तो नुसता उभा आहे!

आणि तो निवळून झाला तरी तू तो लावू दिला नाहीस, कारण घराला अर्थ नव्हता. मला हे वाक्य लिहिताना आजही हसू येतं. वायरमन आला, त्याने भिंतीतला दोन भोकांचा प्लग-पॉइंट बघितला, फ्रिजच्या वायरीची तीन पिनांची टोपी बघितली आणि म्हणाला, मधली जाडी पिन काढून टाकू, काम भागेल. "अर्थ इल्लदिद्रू नडेयत्ते, अम्मा." अर्थाशिवायही चालतं. अर्थिंगला आपल्याकडे सगळे अर्थच म्हणायचे. दुकानातल्या इस्त्रीने तुला एकदा असा झटका दिला होता की तू कापडांच्या गठ्ठ्यावर जाऊन पडली होतीस. त्या इस्त्रीलाही अर्थ नव्हता. तू शिलाईचं काम खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "चालत आसंल. माझी पोरगी सुई धुऊन ओल्या हातानं हे दार उघडणार हाय. मोदलु अर्थ हाकि, आमेले फ्रिज." आधी अर्थ, मग फ्रिज. तो बिचारा दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन आला.

मागच्या अंगणात त्याने खोल खड्डा खणला. त्यात तांब्याची पट्टी उभी केली, भोवती कोळसा आणि मीठ घातलं, वर एक पाइप तेवढा बाहेर ठेवला. जाताना सांगून गेला, ही जागा कोरडी पडू देऊ नका, कोरड्या मातीत अर्थ काम करत नाही. झालं, माझ्या गळ्यात एक काम पडलं. संध्याकाळी तू दुकानातून आलीस की चपला काढायच्या आधी विचारायचीस, "पुट्टी, अर्थाला पाणी घातलीस काय?" पाणी घालायचं आणि तो पाइप कसा घटाघटा पितो ते बघत बसायचं. शेजारच्या बाईंनी एकदा कुंपणावरून विचारलं, काय लावलंय तिथं, रोज पाणी घालता, एक पान तर दिसत नाही? तू म्हणालीस, "मुळं धरतंय अजून." आणि आत येऊन पदर तोंडात कोंबून हसलीस.

शाळेत आमच्या बाई गणित समजावून झालं की विचारायच्या, "अर्थ आयता?" म्हणजे कळलं का. माझ्या डोळ्यांसमोर दर वेळी आपल्या अंगणातला पाइप यायचा. एकदा त्यांनी 'अर्थ' हा शब्द वापरून वाक्य करायला सांगितलं, तर मी लिहिलं, आमच्या घरी रोज संध्याकाळी अर्थाला पाणी घालतात. बाईंनी वाक्य खोडलं आणि तुला बोलावून घेतलं. त्यांना वाटलं, आजारामुळे पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. तू त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "वाक्य बरोबर हाय, बाई. पाहिजे तर घरी येऊन बघून जावा." बाई खरंच आल्या, कॉफी पिऊन गेल्या आणि वाक्याला बरोबरची खूण मिळाली.

पण तू चुकलीसही, आणि ती चूक फक्त आपल्या घरात होऊ शकत होती. इतकी मोलाची वस्तू उघडीवाघडी कशी ठेवायची, म्हणून तू ट्रंकेतून तुझ्या वडिलांचे लाकडी ठसे काढलेस. कित्येक वर्षांत त्यांना रंग लागला नव्हता. रविवारचा अख्खा दिवस तू पाठ वाकवून बसलीस आणि जाड मांजरपाटावर कोयऱ्यांची वेल छापलीस, मजिठी तांबड्या रंगात, काठाला काळी रेघ. तसं छापकाम मी नंतर कुठल्याही दुकानात बघितलं नाही. त्याचा तू फ्रिजला अंगरखा शिवलास, डोक्यापासून पायापर्यंत, पुढे दारापुरती फट आणि मागे नाड्या. गल्लीतल्या बायका हात लावून बघून गेल्या. आणि दोन-चार दिवसांत फ्रिज धापा टाकायला लागला. त्याचा आवाज थांबेचना. तू हाताची उलटी बाजू त्याच्या कुशीला लावून बघितलीस, माझा ताप बघायचीस तशी, आणि म्हणालीस, "ह्याचं अंग तापलंय की गं." दुपारी आतलं पाणी कोमट लागायला लागलं तेव्हा तू आतलं गोल बटण शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलंस. उन्हं उतरल्यावर त्याला जोर आला आणि बर्फाच्या कप्प्याखाली जपून ठेवलेल्या माझ्या बाटल्या सकाळी गोठलेल्या निघाल्या.

ती सकाळ मी विसरणार नाही. दोन बाटल्या, दोन्ही दगड. त्या वितळल्यावर तू एकेक उजेडात धरून बघितलीस. आत बारीक कण तरंगत होते. मी म्हटलं, आता झालं की पातळ, चालेल. तू दोन्ही बाटल्या मोरीत रिकाम्या केल्यास, मला समोर बसवून म्हणालीस, "सुम्ने बस. पळायचं नाही, खेळायचं नाही, मी येईपर्यंत नुसतं पाणी पी," आणि केस न विंचरता बाहेर पडलीस. औषधाची दुकानं अजून उघडायची होती. कुठल्या दुकानदाराला घरून उठवून आणलंस ते तू मला कधीच सांगितलं नाहीस. मला एवढंच आठवतं की मला गरगरायला लागलं होतं, उलटी येतेय असं वाटत होतं, आणि दारात तू उभी होतीस, नवी बाटली ओल्या रुमालात गुंडाळून छातीशी धरलेली. तू रोजच्यासारखंच मोजून मला टोचलंस. माझी मान सरळ झाल्यावर मात्र तू भिंतीला टेकून बसलीस आणि बराच वेळ उठली नाहीस.

दुपारी दुरुस्तीवाला आला. त्याने अंगरख्याच्या नाड्या सोडल्या आणि कपाळावर हात मारला. फ्रिज आतली ऊब मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तीच तुम्ही कोंडलीत. "इदक्के गाळि बेकु, अम्मा." याला वारा पाहिजे. भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, वर-बाजूला मोकळं ठेवा, बटण मधल्या आकड्यावर, आणि औषध बर्फाच्या कप्प्यापासून लांब, मधल्या फळीवर. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "जाळीला लुगडं नेसवलं मी," आणि हसलीस, आणि त्याच्या देखत मोठी कात्री आणलीस. मला वाटलं, आता नुसती मागची बाजू कापशील. पण तू तो अख्खा अंगरखा उभा-आडवा कापलास, कोयरीच्या मधूनसुद्धा. मी रडायला लागले. तू म्हणालीस, "रडतीस कशाला? कापडच हाय. मत्ते छापता येतंय."

तू ते परत कधी छापलं नाहीस. त्या तुकड्यांची तू मला पिशवी शिवलीस, आतून दुहेरी, मध्ये ओला कपडा ठेवायला खण. शाळेची सहल बैलकुप्प्याच्या तिबेटी मठात निघाली तेव्हा बाई मला न्यायला तयार नव्हत्या. तू त्यांच्या हातात ती पिशवी दिलीस आणि म्हणालीस, कपडा सुकला की पोरगी स्वतः भिजवेल, सुई स्वतः टोचेल, तुम्ही फक्त तिला जेवण वेळेवर द्या. सोनेरी मूर्ती बघताना माझं अर्धं लक्ष पिशवीवर होतं. पण मी गेले, बाकीच्या मुलींसारखी गेले.

आई, तू गेलीस त्या वयापेक्षा मी आता मोठी आहे. माझे डोळे ठीक आहेत, पाय ठीक आहेत, दर तपासणीला डॉक्टर विचारतात, इतकी वर्षं कसं सांभाळलंत? मी हसते. काय सांगणार? तू होतीस. तुझ्याइतकी हुशार बाई मी नंतर बघितली नाही, आणि चूक कळल्यावर इतक्या चटकन कात्री उचलणारी तर नाहीच नाही. हे तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू "अष्टे?", एवढंच ना, म्हणून परत मशीनवर बसली असतीस. तू गेलीस तेव्हा तुला पाणी द्यायला मामाला बोलावलं. मुलीने द्यायचं नसतं, म्हणाले. मी बायकांच्यात मागे उभी राहिले. घरी परतले तेव्हा संध्याकाळ झाली होती. मी आधी मागच्या अंगणात जाऊन अर्थाला पाणी घातलं.

तर आजचं. टेम्पोवाले गेल्यावर फ्रिज मी भिंतीपासून पुढे ओढून घेतला, डुगडुगत नाही ना ते बघितलं. तो निवळेपर्यंत माझं औषध मडक्यात होतं, ओल्या वाळूत. तुझ्या नातीला ते इतकं आवडलं की तिने फोटो काढला. मग इथल्या वायरमनला बोलावून अर्थ तपासून घेतला आणि तेव्हाच प्लग लावला. अर्थ चांगला आहे. औषध आता मधल्या फळीवर आहे. फ्रिजवर काहीही पांघरलेलं नाही.

जाताना मी वायरमनला विचारलं, रोज पाणी घालायचं ना? तो म्हणाला, हे नव्या पद्धतीचं आहे, आत कसली तरी पूड भरलेली असते, याला पाणी लागतच नाही. मी बरं म्हटलं. संध्याकाळी तांब्या भरून मागे गेले. तुझी नात खिडकीतून ओरडली, "अम्मा, त्याला पाणी नको म्हणले ना ते?" मी म्हटलं, "सुम्ने." उगीच, सहज.

सहज नव्हतं, आई. मला तुला पाणी द्यायचं होतं.