सुजीचा पहिला शब्द कोणता?

७ जाने. १९७४, सोम.
कारखान्याला सोमवारची सुट्टी. शालन शाळेत शिकवायला गेली, म्हणून आमची सुजी दिवसभर माझ्याकडे. एक वर्ष नऊ महिने पुरे झाले, अजून एक शब्द नाही. हसते, बोटाने दाखवते, हवं ते ओढून घेते. तिच्या पाठीमागे जाऊन पितळी ताटावर चमचा वाजवला. झटकन वळली. म्हणजे कान चांगले. तीनदा करून पाहिलं, चौथ्यांदा तिने चमचाच काढून घेतला.
आमचा थोरला दादा बोलत नव्हता. गावाकडे, माण तालुक्यात, त्याला नावाने कुणी हाक मारलीच नाही. मुका म्हणूनच वाढला, मुका म्हणूनच गेला. शा.ला हे माहीत आहे. सध्या आम्ही दोघेही त्याचा विषय काढत नाही.

८ जाने., मंगळ.
शाहूपुरीत डॉक्टरांकडे. घसा, जीभ, कान, सगळं पाहिलं. "दोष काही दिसत नाही. घरात जो जो आवाज काढेल तो लिहून ठेवा. महिन्याभराने या." म्हणून ही वही.
शा. शाळेत असते तेव्हा सुजी शेजारच्या खोलीत गंगव्वापाशी असते. अथणीकडची बाई, नवरा जाऊन चार वर्षं झाली, एकटीच राहते. तिला विचारलं,
"मावशी, तुमच्याकडं काही बोलते का ही?"
"बोलतीय की. भरपूर बोलतीय."
धीर देते बिचारी.

११ जाने., शुक्र.
सकाळी "हाल". दोनदा. शा. चुलीशी दूध तापवत होती. कुणाचे हाल, बाई?
संध्या. "ईल्ला". शा. म्हणते, विळा. घरात विळा नाही, विळी आहे. तीही फळीवर.
आवाज नुसते. पण ठसक्यात काढते.

१४ जाने., सोम.
संक्रांत. गल्लीतल्या बायका तिळगूळ देऊन गेल्या. प्रत्येकीने सुजीच्या हनुवटीला हात लावून "गोड बोल गं" म्हटलं. शा. आत निघून गेली.
दुपारी मी खाटेवर पडलो होतो. सुजी उंबऱ्यात उभी. दोन्ही हात माझ्याकडे केले आणि स्पष्ट म्हणाली, "बा!"
बाबातला अर्धा. अर्धा तर अर्धा! उचलून खोलीभर नाचलो. शा. धावत आली. "पुन्हा म्हण, पुन्हा म्हण." पुन्हा म्हणाली. शा. हसली खरी, मग म्हणाली, "सगळं मी करायचं आणि नाव तुमचं."
पहिला शब्द. आजची तारीख वहीत लाल शाईने.

२० जाने., रवि.
जेवताना सुजी मान हलवून "ब्याडा, ब्याडा". शा.च्या लगेच लक्षात आलं, पेढा म्हणतेय! सायकल काढून बावड्यातल्या दुकानातून पावशेर आणले. तोंडाशी नेला तर जोरात "ब्याडा!" म्हणून ढकलला. दुसरा दिला. रडायला लागली. जितके देऊ तितकी मागते आणि जितकी मागते तितकी ढकलते. हे काय आहे?
शेवटी आम्हीच खाल्ले.

३० जाने., बुध.
शा. शाळेतून आली. सुजी पळत जाऊन तिच्या पदराला बिलगली आणि "अव्वा, अव्वा". शा. म्हणाली, "आता मी आले ना, मग गंगव्वा कशाला?" गंगव्वाचंच ते अर्धं नाव. माझं अर्धं, तिचं अर्धं, आणि आईचं नाही.
शा. रात्री जेवली नाही. डोकं दुखतं म्हणाली.

६ फेब्रु., बुध.
आज जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहितो.
कारखान्यात वीज गेली ती आलीच नाही. दीडला सोडलं. घरी आलो. गंगव्वाचं दार अर्धवट लोटलेलं, आतून दोन आवाज. एक तिचा. दुसरा बारीक.
"अज्जी, बा."
"यल्लि?"
"बा, बा. नीर."
घागरीत तांब्या बुडवल्याचा आवाज. मग गंगव्वा काहीतरी लांबलचक बोलली. त्यावर तो बारीक आवाज, अगदी बजावून: "ब्याडा!" गंगव्वा खदखदून हसली.
एक चप्पल पायात, एक हातात, तसाच उभा. माझी मुलगी भांडत होती. कानडीत.
दार ढकललं. मला बघून सुजी गप्प. गंगव्वा म्हणाली, "मी सांगिटलं न्हवतं व्हय, बोलतीय म्हणून?"
एकेक शब्द विचारून घेतला. यल्लि म्हणजे कुठे. हाल म्हणजे दूध. ईल्ला म्हणजे नाही. ब्याडा (ब्याड) म्हणजे नको. ती नको नको म्हणत होती आणि आम्ही पेढे कोंबत होतो!
आणि बा म्हणजे ये. बाबा नव्हे. लाल शाई तशीच राहू दिली. बाप नाही म्हणाली, पण बोलावलं तर मलाच ना.

७ फेब्रु., गुरु.
शा. काल पोट धरून हसली. मुलगी बोलते! आज सकाळी उठली ती वेगळीच. "चाळीस पोरांना मराठी शिकवते मी. आणि घरातल्या पोरीला पाणी हवंय का दूध, ते शेजारणीला विचारू?"
गंगव्वाकडे गेली. मी मागे उभा.
"मावशी, तिच्याशी मराठीतच बोलत जा."
"बोलीन की. खरं, माझ्या बोलीत बोलाया या गल्लीत दुसरं कोन हाय? मालक गेल्यापास्नं तोंडातच ऱ्हायलं हुतं. पोरगी हुंकार द्याया लागली, मी बोलाया लागले."
"तिचं नुकसान होतंय त्यात."
गंगव्वाने एकदा सुजीकडे पाहिलं. "मग न्या तुमची तुमच्याकडं."
उद्यापासून सुजी शा.बरोबर शाळेत. मी मध्ये पडायला हवं होतं.

१२ फेब्रु., मंगळ.
पाच दिवस झाले. शाळेत शा.च्या खुर्चीखाली बसून असते म्हणे. बा नाही, हाल नाही, ब्याडा सुद्धा नाही. पेढा पुढे केला तर मुकाट्याने खाल्ला. ते बघवलं नाही.
घरी आली की गंगव्वाच्या बाजूच्या भिंतीला पाठ लावून बसते. पलीकडेही सामसूम. दादा असाच बसायचा, ओट्यावर.
जे चार शब्द होते तेही आपणच घालवले का?

१७ फेब्रु., रवि.
भांडी घासता घासता शा. उठली, हात पुसले, सुजीला कडेवर घेतलं आणि गंगव्वाच्या दारात जाऊन उभी राहिली.
"मावशी, मला शिकवा."
गंगव्वा तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. मग पायाने पाट पुढे सरकवला. शा. बसली. सुजी खाली उतरून सुपात हात घालून मोकळी.
शा. म्हणाली, "तुम्हाला ती अव्वा म्हणते ना?"
"मला? मी कशी अव्वा? मी अज्जी. अव्वा म्हंजे आई. तुमी साळंला गेलासा की दारात बसून अव्वा अव्वा करती. मी म्हंते, येतीय तुझी अव्वा, चारला येतीय."
सुजीने शा.कडे पाहिलं, मूठभर तांदूळ तिच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "अव्वा."
मी बाहेर आलो. त्या तिघींमध्ये माझं काम नव्हतं.

२० फेब्रु., बुध.
सुजी पुन्हा गंगव्वाकडे. डॉक्टरांना वही दाखवली. पेढ्याचं पान वाचून चष्मा काढून हसले. "बोलेल. दोन्ही बोलेल. मध्ये थोडा गोंधळ होईल." शा. विचारते, कुठली भाषा राहील? ते म्हणाले, सांगता येत नाही.
संध्या. भात पुढे केला. "ब्याडा." मग थांबून, माझ्याकडे बघत, "नको." जणू मला समजावं म्हणून.

३ मार्च, रवि.
सकाळपासून नवा शब्द. "टिंबळू." अंगणात उकिडवी बसून जमिनीकडे बोट करते आणि हसते. तिथे काही नाही. मुंगी नाही, खडा नाही.
गंगव्वाला विचारलं. "आमच्यात असलं काय न्हाय बाई." शा. म्हणते, मराठीतही नाही. कोपऱ्यावरचे बांगडीवाले चाचा सायकल थांबवून ऐकून गेले. उर्दूतही नाही म्हणाले.
मग आम्ही तिघे तिच्या शेजारी उकिडवे बसून बघत राहिलो. सुजीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मंद पोरांना सांगावं तसं, तोडून तोडून, सावकाश सांगितलं. "टिं. ब. ळू."
अर्थ अजून लागलेला नाही. उद्या सोमवार, मी घरीच आहे.