धूळ नव्हती ती

अमरावती
१० जुलै २०११, रविवार

शाकीब, माह्या भावा,

अस्सलामु अलैकुम. अम्मीचे गुडघे कसे आहेत? तिले म्हणा, ओसरीवर ओल्यात बसत जाऊ नको. इकडे पाऊस एकदा येऊन गेला अन् मंग रुसला. लोकं पेरून बसले आहेत अन् आभाळाकडे पाहून राहिले.

फोन तू मधातच कापतो, म्हणून चिठ्ठी लिहून राहिली. अन् मराठीत, कारण आपण दोघं मराठी शाळेत शिकलो, अन् आपलं भांडण लहानपणापासून मराठीतच जमते.

आधी आभाळाच्या फोटोचं. मोठा करून पाठव म्हटलं होतं, मी शिकवतो त्या शाळेच्या प्रदर्शनात लावाले. तुहं पार्सल उघडलं अन् मी कपाळाले हात लावला. ज्याच्यासाठी फोटो काढला, तो ठिपकाच तू पुसला! विचारलं त म्हणे, "आपा, धूळ होती. साफ केली."

अरे शहाण्या, तारा होता तो. सप्तर्षीच्या शेपटीजवळ एक दीर्घिका आहे, जिलबीच्या वेढ्यासारखी. तिच्यातला एक तारा फुटला. फुटला अडीच कोटी वर्षांआधी, उजेड आपल्याकडे आत्ता जूनमध्ये पोचला. खगोल मंडळाच्या दुर्बिणीले कॅमेरा लावून, चांदूरच्या रस्त्यावर चिखलात उभं राहून, ढगाइच्या फटीतून मी तो धरला. अन् तू जुन्या शहरातल्या आपल्या फोटोच्या दुकानात बसून उडवला.

तुह्या हाताले मी नाव नाई ठेवत. अब्बाइनं तेच शिकवलं होतं, आपल्या दुकानातून कोणी डाग घेऊन घरी जाऊ नये. ते निगेटिव्हवर पेन्सिल फिरवत, तू माउस फिरवतो.

पण पुढचं आयक. तारा फुटल्यावर शास्त्रज्ञाइनं काय केलं? जुने फोटो काढले. सहा वर्षांआधी अवकाशातल्या दुर्बिणीनं त्याच दीर्घिकेचा फोटो घेतला होता. नव्या ठिपक्याची जागा त्यात शोधली, त तिथं एक पिवळसर मोठा तारा बसला होता गुपचूप. त्याले कोणी विचारत नव्हतं. तोच फुटला का त्याच्या बाजूचा, यावर त्याइचं भांडण चालू आहे. पण भांडाले तरी काही आहे, कारण धूळ समजून त्याले कोणी पुसलं नव्हतं.

मले लगेच मनकर्णाबाई आठवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दुकानात बसली होती तवा आली होती ती. तिचा शेतकरी नवरा देवीदासभाऊ गेला होता. कसा गेला, ते आपल्या भागात आता कोणी विचारतही नाई. लग्नातला ग्रुपफोटो आणला होता, याच्यातून याइचा एकट्याचा करून द्या म्हणे, भिताडाले लावाले. तू नेहमीसारखा कोट चढवला, टाय बांधला, कपाळावरची बैलाच्या शिंगाची खूण पुसली. तिनं फोटो हाती घेतला, पाह्यला अन् परत टेबलावर ठेवला.

"हा कोन साहेब होय बाप्पा? माहा मानूस द्या."

तू हसला होता. मी नाई हसली. खूण परत आणली, तवाच तिनं फोटो पदराखाली घेतला.

आता माह्या गालाचं. मी केव्हाची त्याच्याच भोवती फिरून राहिली, हे तुले समजलं असन.

बाळापूरच्या स्थळाले तू पाठवलेला माहा फोटो परवीनखालानं मले मोबाइलात दाखवला. कोड कुठं गेलं रे? कानापासून हनुवटीपर्यंतचा पांढरा डाग, नवव्या वर्गापासून माह्यासंग आहे. फोटोतली पोट्टी लय सुंदर होती. मी नव्हती ती. उद्या मी मेली अन् कोणी माहा जुना फोटो उकरला, त त्यात मी सापडली पाहिजे ना?

म्हणून माहा खरा फोटो मी खालाच्या हाती बाळापूरले पाठवला. परवा त्याइचा नकार आला. खालाची तुले सांगाची हिंमत झाली नसन, म्हणून मी सांगतो. रडली का? रडली. खोटं कशाले बोलू. मंग तोंड धुतलं अन् वह्या तपासाले बसली.

तुले राग येईन. अम्मी म्हणन, पोट्टीनं आपल्या हातानं नशीब फोडलं. म्हणू दे. तू माह्यं भलंच करून राहिला होता, हेही मले माईत आहे. पण निकाहानंतर रोज सकाळी माहा गाल पुसाले तू त्या घरी येणार होता का?

आता एकच काम सांगतो. काचेच्या शोकेसात जिथं नवरानवरीचे फोटो लावतो, तिथं माहा खरा फोटो मोठा करून लाव. बाजूले आभाळाचा, ठिपक्यासकट. कोणी विचारलं त सांग, हा तारा आहे अन् ही माही मोठी बहीण आहे. ईदले मी एसटीतून उतरून आधी दुकानावर येईन, घरी नाई. दोन्ही फोटो दिसले त शीरखुर्मा खाईन. नाई दिसले, त तिथूनच उलट्या पायी अमरावतीची गाडी धरीन. अम्मीले काय सांगाचं, ते मंग तू पाह्य.

दोन्ही मूळ फोटो सीडीत टाकून सोबत पाठवले आहेत. छाप फक्त. साफ करू नको.

तुही, डागासकट,
सबीहा आपा