सिकलसेलचा तक्ता रिकामा

९ फेब्रु., सोम.
सापगावहून स्कूटीवर मुरबाडला दवाखान्यात पोचले. इथलं कॉम्प्युटरचं काम माझं. मशीन उघडलं, तर सिकलसेल तपासणीचा तक्ता रिकामा. सिद्धगडच्या पायथ्याच्या पाड्यांवर आमच्या आशा कार्यकर्ती सुगंधाताईंनी घरोघर जाऊन रक्त घेतलं होतं. निकाल तर गेलेच, नावंसुद्धा नाहीत. कागदी नोंदी दवाखाना चालवणाऱ्या संस्थेनं दिवाळीतच बंद केल्या. नमुने केव्हाच फेकलेत.
सॉफ्टवेअर कंपनीच्या समीरला पुण्याला फोन. "काल नवं व्हर्जन टाकलं. ॲप ज्या डब्यात चालतं तो जुना कंटेनर काढला, नवा चढवला. ॲप चालतंय ना?"
चालतंय! रिकामं चालतंय!

१० फेब्रु.
सर्व्हर उघडून पाहिला, शंका खरी. डेटाबेस कंटेनरच्या आतच लिहीत होता. बाहेर व्हॉल्यूम, म्हणजे डेटा टिकवणारी वेगळी जागा, जोडलंच नव्हतं. डबा फेकला, आतलं धान्यही गेलं. बॅकअप? रोज होत होता. त्याच डब्यात!
आता समीर म्हणतो, "डेटाबेस कंटेनरमध्ये ठेवूच नये गं." अरे, लोक ठेवतात, मोठमोठे ठेवतात. डेटा बाहेरच्या डिस्कवर, बॅकअप दुसऱ्या मशीनवर, आणि त्यातून डेटा खरंच परत येतो का, ते उतरवून बघायचं. एवढंही केलं नाही आणि दोष कंटेनरचा?
संतापानं जेवण गेलं नाही.

११ फेब्रु.
डॉक्टर बाईंच्या केबिनमध्ये मीटिंग. समीरचे साहेब स्क्रीनवर. "पाड्यावर सांगा, नमुने खराब झाले."
मी म्हटलं, "नमुने चांगले होते. काम तुमचं खराब होतं."
डॉ. बाईंनी तरी बोलायचं की नाही? शेवटी एवढंच, "रक्त पुन्हा घ्या."
बाहेर आल्यावर सुगंधाताई, "कंच्या तोंडानं जाऊ गो मी?" म्हटलं, मी येते.

१३ फेब्रु.
पाड्यावर. खरं तेच सांगितलं, आमच्याकडून हरवलं.
एक म्हातारी पुढे आली. "एकदा रगत दिलाय ना आमी? त्याचा काय केलात?"
तिनं हात पदराखाली घेतला. "माझा नाय मिळायचा. पोरांचा घे."
निम्म्यांनी दिलं. निम्मी घरं बंद, माणसं वीटभट्टीवर गेलेली.

१६ फेब्रु.
व्हॉल्यूम बाहेर जोडलं, बॅकअप दुसरीकडे, उतरवून पाहिला. स्वतः. समीरला विचारलंही नाही.
लॅबवाली म्हणाली, "त्या वेळी एका गरोदर बाईचा निकाल वाईट होता. कुणाचा ते आठवत नाय."
त्या पाड्यांवर गरोदर दोघीच, सुगंधाताईंना पक्कं माहीत. एकीचं रक्त शुक्रवारी परत घेतलं. आज निकाल आला, नॉर्मल.
दुसरी चंदा. म्हणजे वाईट निकाल तिचाच, बाळंतपणात जिवाला धोका. नवऱ्याबरोबर भट्टीवर गेलीय, भिवंडीकडं. कोणती भट्टी, सासूला ठाऊक नाही. नवऱ्याचा मोबाइल बंद.
कंपनीची मेल आलीय, 'समस्या सुटली' असं लिहून पाठवा म्हणून.
उद्या सुगंधाताई आणि मी भिवंडीकडं निघतोय. भट्ट्या किती आहेत तिकडे, देव जाणे.