दोन चाचण्या जुळेपर्यंत

सोमवार, चौदा तारीख, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. सुरुवातीला ‘मी मजेत आहे’ असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. जेवण आयतं मिळतं, भांडी घासावी लागत नाहीत. विलगीकरणाच्या या खोलीतून कागदाचा कपटाही बाहेर जात नाही, तेव्हा ही पानं मी काचेला लावून धरणार आणि शंकासुर पलीकडून फोटो काढून तुला पाठवणार. म्हणजे तोही वाचणार. वाच बाबा, खुशाल वाच!

शंकासुर म्हणजे माझ्या हाताखालचा तंत्रज्ञ, ज्याला तू काल फोनवर ‘दगडाच्या काळजाचा’ म्हणालीस. त्याला पुन्हा फोन करू नकोस. कुणीतरी एका कचेरीत धमकीच्या चिठ्ठीसोबत कसलीशी कुपी पाठवली होती. ती तपासताना नमुने गरगर फिरवायच्या यंत्रात नळी तडकली आणि शेजारी मी होते. कुपीतल्या नमुन्याच्या झटपट चाचणीत पट्टीवर प्लेगची रेघ उमटली, तीही पुसट. पट्टीचं काही खरं नाही, भलत्याच जंतूलाही कधी कधी रेघ दाखवते. म्हणून दोन वेगळ्या चाचण्या जुळल्याशिवाय आम्ही ‘आहे’ म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही. साहेबाला नाही, बहिणीला तर नाहीच. हे त्याच्याकडून मीच घोटून घेतलंय. आता त्याच्या यंत्रात माझं रक्त आहे. त्यानं तोंड उघडलं असतं तर मीच त्याचे कान उपटले असते.

साहेब काचेशी येऊन म्हणाले, “लोक घाबरलेत हो, ‘नाही’ म्हणून मोकळे होऊ या.” मी म्हटलं, “आधी आत या, माझ्याशेजारी बसा आणि मग म्हणा.” गेले बिचारे.

गोळ्या वेळेवर घेते. अक्षर वाकडं आलंय ते हातमोज्यांमुळे. खोली जरा गार आहे, दोन पांघरुणं घेतलीत.

जाऊ दे. तू काही दूधखुळी नाहीस. हातमोजे घातलेलेच नाहीत. काल रात्रीपासून ताप आहे. औषध लवकर सुरू झालं की माणसं यातून उठतात, हे मी इतरांना शंभरदा सांगितलंय. तरी भीती वाटते गं.

पोरीला तू सांगितलंस की आई प्रशिक्षणाला गेलीय आणि ठणठणीत आहे. आजच्या आज तिला खरं सांग. ‘आई बरी आहे का?’ म्हणाली तर हो म्हणू नकोस, डोळ्यांना पदरही लावू नकोस. सांग, ‘अजून माहीत नाही, तपासतायत.’ रडेल, रडू दे. पण उद्या दुसरी चाचणी आली की जे असेल ते तिला मीच सांगणार, काचेआडून का होईना, आणि तेव्हा तिचा माझ्यावर विश्वास बसायला हवा. एवढं कर.

शंकासुर पानं वर धरा म्हणून खुणावतोय. पहिला फोटो हलेल. हलू दे, दुसरा काढल्याशिवाय पाठवायचा नाही मेला.

जुळेपर्यंत, आणि जे जुळेल त्यानंतरही, तुझीच
धाकटी