तिरप्या ओळंब्याची वारसदार

॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥

काल मंगळवारी भोरच्या दुकानातून टेम्पोने घरी आलेले सामान असे: थापी एक, रु. १८०. पितळी ओळंबा दोरीसकट एक, रु. ४५०. लोखंडी गुण्या एक, रु. २२०. सुताची गुंडी एक, रु. ६०. टेम्पोभाडे रु. ४०. एकूण रु. ९५०. दुकानदार हजाराच्या वर सांगत होता, मी खाली उतरवून घेतला.

हे सामान माझ्या मालमत्तेत धरू नये. ते अश्विनी रोहिदास ढेबे हिचे आहे आणि आजपासूनच आहे. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं, आणि माझी नाडी अजून चांगली चालते. बांधायच्या भिंतीला तेवढा धीर नसतो. म्हणून हे सगळ्यात आधी लिहिलं.

आता रीतसर. मी, श्रीमती सुलक्षणा नाथा धुमाळ, वय ६९, शिक्षण जुनी अकरावी पास, काम घर सांभाळणे, राहणार उत्रोली, तालुका भोर, जिल्हा पुणे, आज एकादशीचा उपास असूनही डोकं जागेवर ठेवून हे माझ्या हाताने लिहिते. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. उलट चि. स्वरूप याने फोनवर दोनदा विचारलं, "आई, तुला बरं वाटतंय ना?" बरं वाटतंय. शुक्रवारपासून इतकं बरं वाटतंय की झोप लागत नाही. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, त्यात प्रकृती उत्तम असं लिहिलं आहे. झोपेचं मी त्यांना सांगितलं नाही.

यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम एक. उत्रोली येथील राहते घर, मागची कोठी व तिच्यामागचा पडीक तुकडा सोडून, चि. स्वरूप यास द्यावे. त्याने ते विकायचं मनात आणलं तर आधी एक पावसाळा त्यात राहून बघावं. मग जे वाटेल ते करावं.

कलम दोन. पोस्टातल्या ठेवीतून माझे दिवस-कार्य करावे. तेराव्याला दोनच गोड पदार्थ करावेत, तिसरा कोणी खात नाही, वाया जातो. उरलेल्यातून गावच्या देवळाच्या कळसाला मी बोलले आहे तेवढं द्यावं आणि बाकी स्वरूपने ठेवावं. देवघरातील देव सूनबाईंनी पुण्याला न्यावेत. रोज साग्रसंगीत पूजा जमली नाही तरी चालेल, पण पाणी घालायचं चुकवू नये.

कलम तीन. पितळी पुरणयंत्र माझ्या थोरल्या जाऊबाई भामाबाई यांस द्यावे. त्यांनी लग्नानंतर चारचौघींत मला म्हटलं होतं, "तुझं घर कसलं, हत्यारांचं दुकान ते." त्याचा राग धरून मी त्यांना पुरणयंत्र दिलं तेव्हा जाळी काढून ठेवली होती, आणि त्यांनी यंत्रच परत धाडलं. आता जाळीसकट द्यावं. आणि जाऊबाईंनीही मनावर घ्यावं की घर खरोखर हत्यारांचं होतं, त्यावरच तर चाललं.

कलम चार. हे जरा लांबेल, कारण खरं मृत्युपत्र एवढंच आहे. ते अश्विनीचे सासरे कोंडिबा ढेबे, वेल्ह्याच्या वरची वस्ती, यांनीही ऐकायचं आहे. पोस्टमन गेनबा यांनी त्यांना हळू वाचून दाखवावं.

घरामागच्या कोठीत माझे यजमान कै. नाथा मिस्त्री यांची गवंडीकामाची सर्व हत्यारं आहेत. थाप्या, रंधे, ओळंबे, गुण्या, पहारी, परांचीचे वासे. हे हयात असताना आणि गेल्यावरही हत्यारं रोज सकाळी माझ्या हातून जातात आणि संध्याकाळी माझ्या हातात येतात. काम आता मानसिंग मिस्त्री बघतात, पण कोठीची किल्ली माझ्या कमरेला आहे. त्यामुळे मी कधी विटेला हात लावला नाही तरी कामावरचं सगळं मला कळतं.

आमच्या कामावर एक रीत आहे. नव्या माणसाला गवंडी करायचं ठरलं की मिस्त्री परांचीवरून सहज म्हणतात, "जा रे, तिरपा ओळंबा घेऊन ये." ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंत सरळ उभी आहे का ते त्याने बघतात. तो जमिनीकडे सरळच लोंबतो. तिरपा ओळंबा जगात नाही. पण नवा माणूस निघतो. सुतार म्हणतो, चहाच्या टपरीवर विसरलो. टपरीवाला म्हणतो, गिरणीत नेला. गिरणीवाला म्हणतो, आंबवड्याच्या कामावर गेला होता, आता काकूंच्या कोठीत असेल. मग तो घामाघूम होऊन माझ्या दारात येतो.

मी खोटं बोलत नाही, देवापुढे बसणारी बाई आहे. मी त्याला पाटावर बसवते, गूळ-शेंगदाणे देते आणि सांगते की बाबा, असा ओळंबा नसतो. यांना यांच्या वस्तादांनी असंच फिरवलं होतं. हे म्हणायचे, "भिंत वाकडी झाली की माणूस आधी ओळंब्यालाच नावं ठेवतो. ती खोड पहिल्या दिवशीच जिरलेली बरी." गूळ-शेंगदाणे खाऊन तो परत जातो, सगळे हसतात, भजी येतात, आणि त्या संध्याकाळी त्याच्या हातात थापी देऊन पहिली वीट त्याच्याकडून बसवून घेतात. मानसिंगही असाच आला होता. रागाने गूळसुद्धा खाईना. आज मिस्त्री आहे.

आता लक्ष देऊन ऐका. या रीतीत एकाही बाईला कधी पाठवलं नव्हतं. घमेली वाहणाऱ्या बायका यांच्या काळापासून कामावर आहेत. सखूबाईंनी केस काळे होते तेव्हापासून पांढरे होईपर्यंत माल वाहिला. एकदा मी त्यांना विचारलं होतं की तुमची कधी चेष्टा केली नाही का कोणी. त्या म्हणाल्या, "आमाला कोन कशाला फशिवंल, वैनी? आमी घमेल्यापुरत्या." ते मला फार लागलं होतं. पण मी कोठीवाली, मी काय करणार?

अश्विनी सात वर्षं घमेली वाहते. नवरा रोहिदास काविळीने गेला, तेव्हा ती डोंगरावरून खाली कामाला आली. जेवणाच्या सुटीत बाकीच्या बायका आडव्या व्हायच्या तेव्हा ही उरलेल्या मालात फुटक्या विटा बसवून बघायची. मानसिंगला ते दिसायचं आणि तो दुसरीकडे बघायचा. मागच्या आठवड्यात इथल्याच एका घराच्या गच्चीचा कठडा बांधायचा होता आणि गवंडी तापाने पडला. अश्विनीने कोणाला न विचारता दोन थर लावून टाकले. मानसिंगने येऊन ओळंबा सोडला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. बिडी ओढून खाली उतरला. बाकीचे म्हणाले, आता हिची हजेरी बंद.

शुक्रवारी सकाळी मी भाजी निवडत होते. अश्विनी दारात आली. तोंड इतकं गंभीर की मला वाटलं कामावर कोणी पडलं.

म्हणाली, "काकू, तिरपा ओळंबा पायजे. मिस्त्रींनी मागितलाय."

माझ्या हातातली भाजी खाली पडली. मी विचारलं, कुठं कुठं फिरून आलीस. तिने सगळी नावं सांगितली, सुतार, टपरी, गिरणी, एकही वगळलं नव्हतं. मी म्हटलं, "अगं, सात वर्षं तू हेच बघतेस. असा ओळंबा नसतो हे तुला ठाऊक नव्हतं?"

"सगळं ठाव हुतं," ती म्हणाली. मग तिला पुढे बोलता येईना. उंबऱ्यावर बसली, पदराचा बोळा तोंडात धरून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "काकू, मला पाठवलं."

मी तिला गूळ दिला, शेंगदाणे दिले, देवापुढे साखर ठेवली आणि तीही तिला दिली. साखर एवढी सांडली की एरवी मी दिवसभर हळहळले असते. संध्याकाळी तिने पहिली वीट बसवली तेव्हा मीही जाऊन उभी राहिले. सखूबाईंनी तिचे चुन्या-सिमेंटचे हात आपल्या हातांत धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. भज्यांचे पैसे मानसिंगने दिले, हेही नोंदवून ठेवते, कारण तसं पुन्हा होणं अवघड आहे.

कोंडिबाभाऊ, यानंतरचं तुमचं आहे. वेल्ह्याच्या स्टँडवर कोणीतरी हसत हसत तुम्हाला सांगितलं की तुमच्या सुनेला उत्रोलीत येडी बनवून गावभर फिरवली. तुम्ही रविवारी पहिल्या एसटीने आलात. माझ्या अंगणात उभं राहून म्हणालात, "नसलेली वस्तू आनायला माज्या सुनंला नाचिवली. आमी डोंगरातले, आमाला काय कळत न्हाई, म्हून?" अश्विनी एकदाच म्हणाली, "मामंजी, तसं न्हाई." तुम्ही म्हणालात, "गप." तुमच्यापुढे ती दुसऱ्यांदा बोलत नाही. मी सांगायला गेले तर तुम्ही तिचं गाठोडं उचलून तिला घेऊन निघाला होता. मानसिंग कामावरून धावत आला तोवर एसटी सुटली होती. वस्तीवर मोबाईल लागत नाही, म्हणून हे कागदावर.

तुम्ही चिडलात त्याचं मला नवल वाटत नाही. लेक गेलेल्या माणसाच्या सुनेला कोणी हसलं तर त्याने चिडायलाच हवं. पण भाऊ, तुमच्यातही रीत आहे. अश्विनीनेच मला सांगितलं होतं. नव्या पोराच्या हाती कळप द्यायचा असला की त्याला भांडं देऊन बोकडाचं दूध काढायला पाठवतात. तुम्ही स्वतः रोहिदासला पाठवलं होतं. तो बोकडाच्या मागे पळून पळून रडला, आणि तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन घरी आलात. दुसऱ्या दिवशी काठी त्याच्या हातात दिलीत. मला एवढंच सांगा, येणाऱ्या-जाणाऱ्या पावण्याला तुम्ही कधी बोकडाचं दूध आणायला धाडलंत का?

आमच्या माणसांनी अश्विनीच्या हातात काठी दिली आहे. हसले ते तसे हसले.

म्हणून या कलमाने मी लिहून देते की कोठी, तिच्यातील सर्व हत्यारे, आणि मागचा पडीक तुकडा माझ्यामागे अश्विनी रोहिदास ढेबे हिला मालकीहक्काने द्यावा. स्वरूपची याला संमती आहे, त्याचं पत्र जोडलं आहे. कोठीची किल्ली मी माझ्या हयातीतच तिला देणार आहे, कारण मला आता गुडघ्यामुळे संध्याकाळी उठबस होत नाही. मानसिंगने हत्यारे तिच्याकडून मागून न्यावीत व परत आणून द्यावीत, मिस्त्री असला तरी.

पडीक तुकडा तुमच्यासाठी घातला आहे, कोंडिबाभाऊ. सून खाली आणि शेळ्या वर, अशी तुमची ओढाताण मला कळते. तिथे गोठ्यापुरतं पत्र्याचं छप्पर मानसिंग घालून देईल. पावसाळ्यात तुम्ही शेळ्या घेऊन खाली या. वर वारा-पाऊस झोडपतो, आणि वय तुम्हालाही झालं आहे. शेळ्यांनी माझी तुळस खाऊ नये इतकीच अट. एखादीने खाल्लीच तर तिचं दूध देवाला लागेल.

अश्विनीला ओढून खाली आणायची माझी इच्छा नाही. तिने वर राहायचं ठरवलं तरी हत्यारं तिचीच. पण हे तिच्या तोंडून कळावं, आणि तिने ते तुमच्यापुढे बोलावं, एवढी मोकळीक तुम्ही तिला द्यावी.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही करण्यासाठी लिहिले आहे. सही मी अजून केलेली नाही. साक्षीदार एकत्र असल्याशिवाय करणार नाही.

ठिकाण: उत्रोली, ता. भोर.
मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, बुधवार, ११ डिसेंबर २०२४.

लिहून देणार: श्रीमती सुलक्षणा नाथा धुमाळ (सही व्हायची आहे)

साक्षीदार पहिला: सखूबाई, कामावरील जुन्या बाई. अंगठा देणार आहेत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "दोनी हातांचं घ्या."

साक्षीदार दुसरा: ही जागा मोकळी ठेवली आहे. मानसिंग म्हणाला मी सही करतो. मी नको म्हटलं. इथे कोंडिबा ढेबे यांचं नाव लागावं असं माझ्या मनात आहे.

कोंडिबाभाऊ, पानशेतला पुणेकरांच्या बंगल्याचं काम धरलं आहे. पौष लागला की जोत्यावर विटा चढतील. तुम्ही सुनेला घेऊन येणार असाल तर कोणत्या एसटीने ते कळवा, मी भाकरी टाकून ठेवीन. येणार नसाल तर तेही स्पष्ट कळवा. पण गेनबांनी हा कागद वाचून संपवल्यावर आधी अश्विनीला विचारा, आणि ती जे म्हणेल ते, तिच्याच शब्दांत, उलट टपाली कळवा. पाकीट सोबत आहे, त्यावर तिकीट लावलं आहे.