माळ्यावरचा हिरवा दिवा

मंगळवार, दिवेलागणीनंतर. सावेडी.

माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर घरातले फोटो, आईची गाणी ठेवलीत. घरच्यांना नेटवरून कुठूनही घेता येतात. पण घेतंय कोण? आज बंदच करायला चढलो. आई खालून म्हणाली, "तिन्हीसांजेला दार लावू नये, आणि तू हे बंद करतोस?"

तेवढ्यात कॉम्प्युटरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला; कुणीतरी काही घेत होतं. स्क्रीनवर दादाचं नाव. भांडून पुण्याला गेला, तेव्हापासून फोनसुद्धा नाही. मुलगी झाल्याचं पाहुण्यांकडून कळलं. आणि घेत काय होता, तर आईनं म्हटलेली अंगाई.

हिरव्या दिव्याकडे बघतच बसलो. अंगणात कुणी चपला काढत असावं, तसं वाटलं.

"बंद केलंस का रे?"

"नाही. दादा आलाय."

खाली देवापुढची घंटा वाजता वाजता थांबली.