गोड वाढण्याआधी

काका,

या परक्या देशात आम्हा भावंडांच्या युनिव्हर्सिटीच्या फीसाठी तुम्ही मित्रांना जेवायला बोलावून मदत मागता, ते उपकारच आहेत. पण गोड वाढण्याआधी धाकट्याला उभं करून तुमच्याच सख्ख्या भावाचं मरण सांगायला लावता, त्याची शिसारी येते. वर म्हणता, "पोट भरलं की लोक हात आखडता घेतात."

काल त्याने ठरलेल्या वाक्याला बरोबर हुंदका दिला. घरी येताना विचारतो, "ताई, बाबांचं आज नीट जमलं ना?" मी रस्त्याच्या कडेला ओकले.

शेवटची फी भरली की हे पत्र पोस्टात टाकेन. तोवर रविवारी येतोच आहोत. गोड जरा उशिरा वाढा, काका. या वेळी मीही रडणार आहे.

तुमची,
थोरली पुतणी